ताब्यानंतरची पाच वर्षे

येत्या 1 मे रोजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन होईल, संचलने होतील. याच तारखेला 2017 साली महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, कामकाज सुरू झाले आणि घर घेणाऱ्याशी थेट संबंध असलेली रेरा कायद्याची कलमे लागू झाली. महारेराची आठवण निघते ती बहुधा रखडलेल्या प्रकल्पांमुळे. ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, त्या घरांचे काय, हा प्रश्न पहिल्या पावसापर्यंत कुणाला पडत नाही. मग जूनमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर ओल उमटते, वरच्या बाथरूमचे पाणी खालच्या घरात ठिबकू लागते, प्लास्टरचे पोपडे सुटतात. साइट ऑफिसातले उत्तर ठरलेले असते: नवीन इमारत आहे, थोडेफार व्हायचेच, पावसाळा सरू द्या, माणूस पाठवतो.

माणूस येतोही. भेगेत पुट्टी भरून वरून रंगाचा हात मारतो. पुढच्या जूनमध्ये ओल पुन्हा तिथेच. या येण्याजाण्यात वर्षे निघून जातात आणि ते बिल्डरच्या पथ्यावरच पडते.

कारण घड्याळ चालू असते. रेराच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला, कारागिरीतला, साहित्याच्या दर्जातला किंवा सेवासुविधांतला दोष विकासकाच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. न दिल्यास भरपाई. महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा कायद्यात ही मुदत तीनच वर्षांची होती. पण पाच वर्षे मोजायची ती ताब्याच्या तारखेपासून, भेग दिसल्यापासून नव्हे. आणि दोष निदर्शनास आणला हे पुढे सिद्ध करावे लागते. सुपरवायझरला केलेला फोन किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संताप तिथे फारसा उपयोगी पडत नाही. तारखेसह फोटो, ईमेल आणि पोचपावती देणारे टपाल, एवढे तरी हवेच. ज्यांच्या ताब्याला पाच वर्षे पूर्ण होत आली आहेत, त्यांनी दोष कळवणारे पत्र या पावसाळ्याची वाट न पाहता धाडावे.

आणखी एक मेख अनेक करारांत असते. बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय स्वयंपाकघर, संडास-बाथरूम किंवा नळजोडण्यांत फेरबदल केलात, तर दोषाची जबाबदारी संपली! आपल्याकडे राहायला जाण्याआधीच ओटा फोडणारी, बाथरूमच्या टाइल्स उपटणारी घरे किती, हे कुठल्याही सुताराला विचारावे. काहीही तोडण्यापूर्वी स्वतंत्र अभियंत्याकडून घर पाहून घेणे आणि त्याचा लेखी अहवाल ठेवणे हा इंटीरियरच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

पत्राला दाद मिळाली नाही, तर दाद मागायची कुठे? महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क 5,000 रुपये. ग्राहक प्रतिनिधी आणि विकासकांचे प्रतिनिधी एकत्र बसवणारा सलोखा मंचही तिथे आहे. भरपाईचे प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाते. 60 दिवसांत ते निकाली काढावे, असे कायदा म्हणतो, आणि कायदा बरेच काही म्हणतो. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 मध्येच सांगितले, त्यामुळे सरकारी प्राधिकरणांची घरेही यात येतात. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. तक्रारीला मुदत दोन वर्षे. रेरा आल्याने हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्याच 2020 च्या इम्पेरिया निकालाने स्पष्ट झाले. गच्ची, बाहेरच्या भिंती, खांब असे सामायिक दोष असतील, तर सोसायटीने एकत्र महारेराकडे जावे, असे आम्हाला वाटते. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट असते. तालुक्याच्या गावी अशाच इमारती अधिक. तिथल्यांना ग्राहक आयोग हाच जवळचा.

मात्र दोन्हीकडे दोष सिद्ध करण्याचे ओझे ज्याचे घर गळते त्याच्याच डोक्यावर. गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसो संकुलात 10 फेब्रुवारी 2022 रोजी एका टॉवरचे मजल्यामागून मजले कोसळले आणि दोन महिलांचा जीव गेला. काँक्रीटमधल्या क्लोराइडमुळे सळया गंजल्याचे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत पुढे आले. हे डोळ्यांना दिसणारे नाही. त्यासाठी काँक्रीटचे नमुने काढून चाचण्या कराव्या लागतात आणि त्याची बिले रहिवासीच वर्गणी काढून भरतात. ज्याने सिमेंट, वाळू, पाणी निवडले, त्याच्याकडे सगळ्या नोंदी. आणि ज्याने फक्त हप्ते भरले, त्याने पुरावा द्यायचा. महारेरात निकाल बाजूने लागला, तरी भरपाईची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणजे तलाठी-तहसीलदारांच्या इतर कामांच्या रांगेत.

सरकार स्वतःचा रस्ता बांधून घेते तेव्हा इतके भाबडे नसते. सार्वजनिक बांधकाम खाते कंत्राटदाराची अनामत दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकवून ठेवते. खड्डे पडले आणि बुजवले नाहीत, तर पैसे हाताशी असतात. घर घेणाऱ्याच्या हाती असे काय उरते? राज्याच्या नमुना करारातील वेळापत्रकानुसार ताब्याआधीच 95 टक्क्यांपर्यंत रक्कम गेलेली असते आणि उरलेली किल्ली घेताना द्यायची. त्या शेवटच्या पाच टक्क्यांतला एखाद-दुसरा टक्का पाच वर्षे वेगळ्या खात्यात का राहू नये? प्रकल्प सुरू असताना खरेदीदारांच्या 70 टक्के रकमेसाठी स्वतंत्र खाते रेरानेच बंधनकारक केले आहे. तीच शिस्त ताब्यानंतर थोडी पुढे न्यायची आहे. भांडवल अडकते, अशी ओरड विकासकांच्या संघटना करतील. व्याज त्यांनाच द्यावे, हवे तर बँक हमी घ्यावी. ज्याला आपल्या वॉटरप्रूफिंगवर विश्वास आहे, त्याचे पैसे कुठे जाणार आहेत?