प्रिंटर आपोआप कागद का छापतो? दोष यंत्राचा की अपडेटचा?

परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडमधल्या कोणत्याही सेवा केंद्रात जा. सातबारा असो, उत्पन्नाचा दाखला असो की पीक विम्याची पावती, सगळं शेवटी टेबलावरच्या एका प्रिंटरमधून बाहेर येतं. समजा, वीज जाऊन परत आली, प्रिंटर सुरू झाला आणि कुणी काही न पाठवताच त्यातून अगम्य इंग्रजी मजकुराचे कागद येऊ लागले, तर? पहिला संशय व्हायरसवर, दुसरा प्रिंटरवर. २०२५च्या सुरुवातीला मात्र अनेक ठिकाणी खरा दोष विंडोजच्या अपडेटमध्ये होता.

नेमकं काय बिघडलं?

काही यूएसबी प्रिंटरना दोन 'भाषा' समजतात: जुनी यूएसबी प्रिंट पद्धत आणि नवी 'आयपीपी ओव्हर यूएसबी'. या नव्या पद्धतीत संगणक प्रिंटरशी वेबसाइटसारख्या आज्ञांनी बोलतो. या आज्ञा यंत्रासाठी असतात, कागदासाठी नाही. जानेवारी २०२५च्या अखेरीस आलेल्या अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११च्या काही आवृत्त्यांत या आज्ञाच मजकूर म्हणून छापल्या जाऊ लागल्या. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत हा त्रास नव्हता.

शोधणं अवघड का?

कारण दोष सतत दिसत नव्हता. प्रिंटर नव्याने सुरू केला किंवा केबल काढून पुन्हा जोडली, की तो जास्त वेळा उद्भवायचा. दुरुस्ती करणारा येईपर्यंत सगळं सुरळीत! मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली, घरगुती संगणकांवर तो बदल आपोआप मागे घेतला आणि महिनाअखेरच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली.

आपण काय करायचं?

नवा प्रिंटर घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. बिघाड नेमका कधी होतो, याची नोंद ठेवा. तोच प्रिंटर दुसऱ्या संगणकाला जोडून बघा. बिघाड सुरू होण्याच्या सुमारास कोणतं अपडेट आलं, हे अपडेटच्या यादीत पाहा.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव मुदतीच्या योजनेतही फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, अशा बिघाडांच्या नाहीत. जुन्या संगणकावर चालणाऱ्या केंद्रात पुढचा असा दोष आला, तर तो कायमचाच राहू शकतो. आणि एका दाखल्यासाठी दुसऱ्यांदा खेप पडते, ती गावाहून एसटीने आलेल्या माणसाला.