मोटारसायकलचे कार्बनी भाग घरीं करावे काय?

तरुणपणीं यंत्रांचें वेड लागावें, यांत आम्हांस तरी कांहीं वावगें दिसत नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत हल्लीं एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो : मोटारसायकलचें मडगार्ड, चेनवरचें झांकण, टाकीवरचें कवच असे भाग कार्बन तंतूंच्या कापडापासून घरच्या घरीं करतां येतात, मग आपण ते कां करूं नयेत? यावर वडीलधाऱ्या मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें, कीं हा पोरखेळ सोडा आणि अभ्यासाला लागा. उलटपक्षीं कांहीं उत्साही मुलांस वाटतें, कीं चार चित्रफिती पाहिल्या म्हणजे चाकापासून हँडलपर्यंत सर्व कांहीं आपल्या अंगणांत तयार होईल. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. हें काम मुलांनीं अवश्य शिकावें. परंतु ज्या भागावर बसणाराचा जीव अवलंबून आहे, तो भाग घरीं करूं नये. ही मर्यादा आम्ही कां घालतों, तें सांगण्यासाठींच हा लेख.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें पाहूं. कार्बनचा एक तंतु मनुष्याच्या केसाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका बारीक असतो. असे अतिशय बळकट तंतु अमेरिकेंत क्लीव्हलंडजवळच्या एका प्रयोगशाळेंत रॉजर बेकन यांनीं १९५८ सालीं तयार केले. पुढें जपानांत ओसाका येथें अकिओ शिंदो यांनीं ॲक्रिलिक जातीच्या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतु करण्याची रीत काढली, आणि १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेनें ती रीत बरीच पुढें नेली. असे तीन हजार तंतु एकत्र करून एक पेड घेतात व तशा पेडांचें कापड मागावर विणतात. नुसतें कापड धोतरासारखें लुळें असतें. इपॉक्सी राळेंत भिजवून तें साच्यांत बसविलें आणि राळ घट्ट झाली, म्हणजे त्याला आकार व ताठपणा येतो. पाण्याच्या मानानें पोलाद ७.८ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, आणि हा पदार्थ सुमारें १.६ पट. त्याचें बळ मात्र तंतूच्या दिशेनेंच असतें. बांबू ओढून तुटत नाहीं, पण कोयत्याच्या एका घावानें उभा चिरतो. तशीच ही गोष्ट आहे. म्हणून कापडाचे थर निरनिराळ्या दिशांनीं ठेवावे लागतात.

आतां घरची रीत. मूळ भागावरून कांचतंतूंचा साचा घ्यावयाचा, त्याला मेणाचे अनेक हात देऊन चांगलें घासावयाचें, म्हणजे तयार भाग साच्याला चिकटत नाहीं. राळ आणि हार्डनर ही दोन द्रव्यें कारखान्यानें सांगितलेल्या प्रमाणांत तराजूवर तोलून मिसळावयाचीं. येथें अंदाजपंचें धोरण मुळींच चालत नाहीं. हार्डनर जास्त घातल्यानें राळ लवकर वाळेल अशी कित्येकांची समजूत असते. इपॉक्सीच्या बाबतींत ती खोटी आहे. तेणेंकरून भाग कच्चा मात्र राहतो. मग कापडाचा एकेक थर ठेवून ब्रशानें राळ मुरवावयाची व रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढावयाचे. ज्यांच्यापाशीं पंप आहे, ते सर्व साचा प्लास्टिकच्या पिशवींत बंद करून आंतील हवा ओढून घेतात. मग बाहेरची हवाच चौरस मीटरास सुमारें दहा टनांच्या भारानें थर दाबून धरते. दुसऱ्या दिवशीं भाग साच्यांतून सुटतो. त्याच्या कडा कापून, पाण्याखालीं पॉलिश पेपरनें घासून त्यावर वार्निश द्यावयाचें. पहिल्या खेपेस मात्र कार्बनच्या महाग कापडाला हात न लावतां साध्या कांचतंतूंच्या कापडावर सराव करावा. रीत तीच, आणि चुकीची किंमत पुष्कळच कमी.

यांत लाभ काय? गाडी हलकी होते हें म्हणणें आम्हांस फारसें मान्य नाहीं. शंभर किलोंहून जड अशा गाडीवर मडगार्ड बदलून जें वजन वांचतें, तें बसणारानें पोटभर जेवण केलें कीं भरून निघतें. खरा लाभ गाडीला होत नसून करणाराला होतो. तोलण्याची संवय, वाट पाहण्याची संवय, आणि पहिल्या थरांतील आळस शेवटच्या थराखालीं लपला तरी नाहींसा होत नाहीं ही जाणीव, हें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं. मिशनच्या शाळांनीं हातकामाला कधींच कमी लेखिलें नाहीं. त्या वेळच्या अहमदनगरांत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल साहेबांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हातमाग सुधारण्यासाठीं खपून काम केलें. प्रभु येशूची स्वतःची ओळख गांवच्या लोकांस सुतार म्हणूनच होती. तेव्हां हात काळे होतात म्हणून कोणी या कामास नाक मुरडूं नये.

घरच्या कामाची मजल कोठवर जाते याचें उत्तम उदाहरण न्यूझीलंडचें आहे. क्राइस्टचर्च शहरांतील जॉन ब्रिटन यांनीं आपल्या घरच्या कारखान्यांत, थोड्याशा मित्रांच्या साह्यानें, ‘ब्रिटन व्ही-१०००’ ही शर्यतीची मोटारसायकल घडविली. तिची चाकें, पुढचा फोर्क, अंगावरचें कवच हें सर्व कार्बन तंतूंच्या मिश्रणाचें होतें. कवचाचा आकार त्यांनीं कागदावर न काढतां तारेचा सांगाडा करून हातानें ठरविला. १९९२ सालीं अमेरिकेंतील डेटोना येथें ही गाडी मोठमोठ्या कारखान्यांच्या गाड्यांशीं झुंजत असतां विजेच्या यंत्रणेंतील एक लहानसा भाग निकामी झाल्यामुळें थांबली. पण १९९४ सालीं त्याच ठिकाणीं ती विजयी झाली. अशा गाड्या एकंदर दहाच झाल्या. ब्रिटन १९९५ सालीं, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, कर्करोगानें वारले.

येथें कोणी चतुर विद्यार्थी आम्हांसच पेंचांत धरील : “ब्रिटननें चाकेंसुद्धां घरीं केलीं, मग आम्हांला नुसत्या मडगार्डावर कां थांबवितां?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तरही तितकेंच सरळ आहे. ब्रिटन यांत्रिक विद्या शिकलेले होते, त्यांचे सहकारी कसलेले होते, अनेक वर्षें त्यांनीं यावर घालविलीं. आणि त्यांची गाडी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, धोका जाणून घेणारा स्वार चालवीत असे. आमच्या विद्यार्थ्याची गाडी त्याचा थोरला भाऊ धाकट्या बहिणीला मागें बसवून एस.टी.च्या गाड्या व उसाच्या ट्रॉल्या यांच्या गर्दींतून चालविणार. त्या बहिणीनें कसलाही धोका पत्करलेला नाहीं.

याहून मोठें कारण पदार्थाच्या स्वभावांत आहे. लोखंड व ॲल्युमिनियम बहुधा आधीं वांकतात, चिन्ह दाखवितात, मग मोडतात. कार्बनचा भाग फारशी सूचना न देतां एकदम फुटतो. त्यावर दगड आदळला, तर वरचा काळा तकतकीत पृष्ठभाग जसाचा तसा राहतो आणि आंतले थर सुटलेले असतात. नाण्यानें टिचकी मारून पाहतात. सुटलेल्या जागीं आवाज बद्द येतो. बाजारांत मडकें वाजवून घेतात त्यांतलाच हा प्रकार. पण मडकें फुटलें तर पाणी सांडतें. भरवेगांत पुढचें चाक फुटलें तर काय होईल तें सांगावयास नको. शिवाय टिचकीनें प्रत्येक दोष कळतोच असेंही नाहीं. मोठ्यांचीही येथें फसगत झालेली आहे. रोल्स-रॉईस कंपनीनें आपल्या आरबी-२११ या विमानी इंजिनाच्या पंख्याचीं पातीं कार्बन तंतूंचीं केलीं होतीं. १९७० सालीं पक्षी आदळल्यास काय होईल याची परीक्षा घेतां तीं टिकलीं नाहींत, व टिटॅनियम धातूचीं पातीं घ्यावीं लागलीं. तेथें परीक्षा झाली म्हणून दोष उघडकीस आला. आमच्या अंगणांत ती परीक्षा कोण घेणार?

म्हणून आमची विभागणी अशी : मडगार्ड, चेनचें झांकण, टाकीवरचें व बाजूचें कवच हे भाग घरीं करावे, मात्र ते सुटून चाकांत अडकणार नाहींत असे पक्के बसवावे. चाक, हँडल, फोर्क, मागचा स्विंगआर्म, पाय ठेवण्याच्या दांड्या आणि ब्रेकशीं संबंध असलेला कोणताही भाग यांच्या वाटेस जाऊं नये. गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचेंही बंधन आहे, हेंही ध्यानांत असूं द्यावें. आणि प्लास्टिकच्या भागावर कार्बनचा एकच थर शोभेकरितां चिकटविला असेल, तर तो शोभेचाच आहे असें विकत घेणारास मोकळ्या मनानें सांगावें.

दोन शब्द शरीराच्या रक्षणाविषयीं. इपॉक्सी उघड्या हातांस वारंवार लागल्यानें कातडीला असा विकार जडूं शकतो, कीं पुढें जन्मभर तिचा थेंबही सोसत नाहीं. म्हणून हातमोजे हवेतच. कापतांना व घासतांना उडणारी पूड डोळे, कातडी आणि छाती यांस त्रास देते. ती विजेची वाहकही असल्यामुळें विजेच्या उपकरणांत शिरल्यास तीं बिघडवते. यासाठीं पाणी घालून घासावें, चांगला मास्क व चष्मा लावावा, आणि हें काम स्वयंपाकघरांत किंवा रांगत्या मुलाजवळ कदापि करूं नये. मिसळलेली राळ भांड्यांत सांचून राहिली तर आपोआप तापते, धूरही सोडते. ती पसरट थाळींत ओतावी.

आमच्या हवेचाही विचार हवा. पावसाळ्यांत कित्येक राळींवर चिकट साय धरते, ती धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाहीं. साध्या हवेंत वाळलेली पुष्कळशी राळ पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडूं लागते, आणि विदर्भाच्या वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या गाडीचा काळा भाग तितका सहज तापतो; म्हणून भागास मागाहून बेताची ऊब देऊन पक्का करावा. कोंकणांत व गोव्यांत खाऱ्या दमट हवेमुळें कार्बनला लागून असलेलें ॲल्युमिनियम झिजतें. तेथें मध्यें कांचतंतूंचा एक थर घालावा.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. ज्या दिवशीं ऊन पडलें होतें, त्या दिवशीं तें घर खडकावरील घराइतकेंच चांगलें दिसत असलें पाहिजे. कार्बनच्या भागाचेंही तसेंच आहे : वार्निशाखालीं चांगलें व वाईट काम सारखेंच चमकतें, आणि आंत काय आहे हें करणारालाच ठाऊक असतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें काम जरूर हातीं घ्यावें. जेथें चूक झाली असतां नुसतें मडगार्ड तडकतें, तेथें मनसोक्त चुकावें व शिकावें. आणि जेथें चुकीचें मोल दुसऱ्यास द्यावें लागेल, तेथें “हें मला अजून येत नाहीं” असें म्हणण्याची त्यांस लाज वाटूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.