डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला आधी काय विचारावं?



"सर, डोकं दुखतंय." नोकरीच्या वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. त्यावर मोठ्यांची उत्तरं ठरलेली असतात. एक तर "बहाणे नकोत", नाहीतर "ही घे गोळी". मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. कारण बऱ्याचदा मुलाच्या दिनक्रमात सापडतं, आणि तो दिनक्रम आपण मोठ्यांनीच आखलेला असतो.

आमच्या वैजापूरचंच बघा. आसपासच्या खेड्यांतली मुलं एसटी गाठायची म्हणून नुसत्या चहावर निघतात. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या मुलाने डबा आणला नाही तर दुपारपर्यंत पोट रिकामं. मग डोकं दुखणार नाही तर काय होणार?

दुसरं कारण पाणी. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन मी सांगायला नको. तरी कितीतरी मुली शाळेत मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह जाण्यासारखं नसतं. हे त्या कुणाला सांगत नाहीत, डोकं दुखतंय एवढंच सांगतात. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. कल्पना छानच! पण घंटेच्या आधी स्वच्छतागृहाच्या दाराला कडी आणि आत पाणी हवं.

तिसरं झोप. मुलांची झोप व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. पण घरात रात्री उशिरापर्यंत सगळ्यांच्याच हातात मोबाईल असेल तर सरकार तरी काय करणार?

चौथं डोळे. फळा नीट दिसत नसेल तर नजर तपासून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. "मुलीला आत्तापासून चष्मा नको" हा हट्ट सोडा. अर्थात प्रत्येक डोकेदुखी चष्म्याने जात नाही. अर्धशिशी मुलांनाही होते, बहुधा आई-वडिलांपैकी कुणाला तरी असते. मुलांत ती अनेकदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना दुखते, मळमळतं, उजेड नकोसा होतो. परीक्षेच्या किंवा घरातल्या भांडणाच्या ताणानेही डोकं दुखतं, आणि ते दुखणं खरंच असतं.

काही वेळा मात्र प्रश्न विचारत बसू नये. डोक्याला मार लागल्यावर दुखणं, तापात मान ताठ होणं, पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या होणं, दोन-दोन दिसणं, झटका येणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठावा. मुलांना मनाने ॲस्पिरिन देऊ नये. इतर गोळ्याही वरचेवर घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखू लागतं.

एरवी गोळीच्या आधी चार प्रश्न विचारा. जेवलास का? पाणी प्यायलास का? झोप झाली का? फळा दिसतो का? आणि ती मुलगी असेल तर शाळेच्या स्वच्छतागृहाचं दार एकदा स्वतः उघडून बघा.

तुमचा अनुभव जरूर कळवा.