दुकानाची वेळ आणि देहाची वेळ

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत करांचा, दरांचा आणि बाजारपेठेचा विचार व्हावा, हे योग्यच आहे. परंतु ज्या देहाच्या बळावर हा सारा व्यवहार चालतो, त्याचा जमाखर्च कोणी मांडावयाचा? तो वैद्यांवर सोपवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, रक्तातील साखरेचा प्रश्न आता वैद्यांइतकाच व्यापारी संघाचाही झाला आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढ मधुमेही असून, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांत सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्याचे, शेकडा २६.४ निघाले.

‘आम्ही सडपातळ, निर्व्यसनी आणि शाकाहारी, आम्हांस काय भय?’ असे कित्येक बंधू म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु देहातील चरबी युडकिन यांची शेकडा ९.१, तर याज्ञिकांची २१.२. तेव्हा तराजूवरील वजन पाहून आपण निश्चिंत राहावे, असे नाही.

देहाचा हा व्यवहार व्यापाऱ्यास सहज उमजेल. अन्न पचले की साखरेचा माल रक्तात उतरतो. तो साठविण्याची मोठी वखार म्हणजे आपले स्नायू, आणि तिचे दार उघडणारी किल्ली म्हणजे स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन. स्नायू हालचाल करीत असले, तर त्या किल्लीवाचूनही माल आत घेतात. उलट, जेवून उठलेला मनुष्य चार तास गादीवरून हललाच नाही, तर वखार अर्धी मिटलेली आणि माल वाटेवर पडून, अशी स्थिती होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्यास म्हणूनच महत्त्व आहे. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर घेतलेला अर्धा-अर्धा कप चहा! एका वेळेस चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम साखर धरली, तरी दहा वेळांत ५० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती सामान्य प्रौढास दिवसाकाठी जवळपास एवढीच येते.

निद्रा आणि भोजनाची वेळ यांचाही परिणाम दिसून आला आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांस सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा साखर आवरण्याची त्यांची शक्ती स्पष्टपणे घटली. २०२० सालच्या दुसऱ्या प्रयोगात २० निरोगी व्यक्तींस तेच भोजन एकदा सायंकाळी सहास व एकदा रात्री दहास दिले. रात्रीच्या भोजनानंतर रक्तातील साखर अधिक चढली.

आपल्या आचार्यांनी रात्रिभोजनत्याग सांगितला तो अहिंसेसाठी, साखरेसाठी नव्हे. विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळाल्याने त्याची थोरवी वाढत नाही. बाह्य तपांत अनशनाच्या जोडीस अवमौदर्य, म्हणजे भुकेहून कमी खाणे, आहेच. परंतु दुकानाची फळी रात्री साडेनऊस लागते, तेथे हे नियम तरुण पिढीने पाळावे कसे? आणि मालकांबरोबर मुनीम व नोकरही थांबतात, घरी सर्वांना वाढून गृहिणी अकराच्या सुमारास ताटावर बसते, हेही विसरता येणार नाही.

एकट्याने दुकान लवकर बंद केले, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. म्हणूनच हा एकेकट्याच्या निग्रहाचा विषय नाही. तो संघाचा आहे. साप्ताहिक सुट्टीचा वार बाजारपेठा एकमताने पाळतातच ना? त्याच न्यायाने येत्या चातुर्मासात, दिवाळीचा पंधरवडा वगळून, सर्व सभासदांनी साडेसातास दुकाने बंद करावी. सूर्यास्ताचा नियम असलेल्यांनी पूर्वीच्या चालीप्रमाणे पेढीवरच डबा उघडावा. इतरांचे भोजन निदान आठपर्यंत व्हावे. संघाचे स्नेहभोजनही दिवसा व्हावे, त्यात एकच मिष्टान्न असावे आणि वाढताना आग्रह नसावा. ज्यांची औषधे चालू आहेत, त्यांनी उपवासात वा भोजनाच्या वेळेत फरक करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.

सायंकाळची विक्री घटेल, ही शंका खोटी नाही. घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या या काळात ती हसण्यावारी नेताही येणार नाही. परंतु शंकेचा निकाल वह्यांनी द्यावा. चातुर्मास संपताच विक्रीचे आकडे गतवर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावे. त्याचबरोबर सभासदांनी आरंभी व अखेरीस रक्ताची ती तपासणीही करून घ्यावी, जिच्यात मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते. दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवून, तोटा अधिक दिसल्यास ठराव खुशाल मागे घ्यावा. तोपर्यंत, येत्या वार्षिक सभेत हा ठराव चर्चेस यावा, एवढीच सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.