गड चढायचा, पण पाणी पिऊन

थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांत सहलीची बोलणी सुरू होतात. विहारात बैठक बसते. गाडी कोणती, वर्गणी किती, बॅनरवर कुणाकुणाचे फोटो, खिचडी की पुरीभाजी, यात तास जातो. एवढ्या बाया गड चढणार, त्यांच्या पाण्याचं आणि लघवीचं काय, असं आम्ही विचारलं की पुरुषमंडळी खाली बघतात आणि बाया तोंडाला पदर लावून हसतात.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. गेल्या साली दौलताबादच्या किल्ल्यावर आमच्यासोबतच्या एका ताईंना अर्ध्या चढावर भोवळ आली. सावलीत निजवलं, पाय उंच केले, शुद्धीवर होत्या म्हणून घोट घोट पाणी दिलं. पहाटेपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ब्लडप्रेशरची गोळीही घरीच ठेवली होती, कारण त्या गोळीनं लघवीला जास्त होतं. "वर कुठं जावं मॅडम, माणसं असतात सगळीकडं," म्हणाल्या. भरलेली बाटली पिशवीत तशीच होती.

याच किल्ल्याशी आपलं जुनं नातं आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. नाशिकहून येवल्यामार्गे औरंगाबादकडे, मोटारी आणि बस भाड्यानं करून. बेत मुद्दाम जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय भोगावं लागतं ते त्यांना ठाऊक होतं. वाटेत दौलताबादला थांबले. अंगावर प्रवासाची धूळ, समोर काठोकाठ भरलेला हौद. काही जणांनी हातपाय धुतले. लगेच हौद बाटवल्याची ओरड झाली, जमाव जमला. शेवटी आत सोडलं ते एका अटीवर: किल्ल्यात कुठंही पाण्याला शिवायचं नाही. त्यावर नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. हे सारं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे.

आज तो शिपाई नाही. तिकीट काढून आपण ताठ मानेनं आत जातो. तरी आपल्या बाया त्याच चढावर तहानलेल्या राहतात, कारण सहल आखणाऱ्यांच्या डोक्यात त्यांचं शरीर येतच नाही. आम्हाला याचा राग येतो. पाणी कमी पिऊन लघवी दाबून धरली की जळजळ आणि ताप घेऊन त्याच बाया आठवड्यानं दवाखान्याच्या रांगेत असतात.

म्हणून आमचं म्हणणं, दोघीजणींनी आधी जाऊन जागा बघून यावी. स्वच्छतागृह कुठं आहे, उघडं असतं का, पाणी कुठं मिळतं. मध्ये सोय नसेल तर आडोशाला धरायला दोन चादरी घ्याव्यात. माणशी दीड-दोन लिटर पाणी, आणि ते तहान लागायची वाट न बघता प्यायचं. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शुगरवाल्यांनी उपाशी चढू नये, गूळ किंवा बिस्किटं खिशात असावीत. गोळ्या मनानं बंद करू नयेत, वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून. पाळी आली म्हणून कुणी मागं राहू नये. पॅड आणि कागदाची पिशवी जवळ ठेवली की झालं.

आधी महिनाभर विद्यापीठामागच्या डोंगरातली बुद्धलेणी चढून सराव करा. बोलता बोलता चढता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. सगळ्यात हळू चालणारी बाई पुढे ठेवा, पोरं मागे. गुडघे चढताना नाही, उतरताना जास्त बोलतात, काठी घ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आला तर तिथंच बसवा आणि १०८ ला फोन करा. "थोडं राहिलंय, चला" असं म्हणू नका.

आता आपली पोरं लेहच्या गोम्पा बघायला जायचं म्हणतात. जावं, जरूर जावं. पण लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानानं उतरून त्याच दिवशी भटकू नये, पहिले दोन दिवस विश्रांती. डोकं दुखून उलट्या झाल्या तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला तर लगेच खाली आणायचं. तिथं ताकदीचा पोरगाही आडवा पडतो.

यंदाच्या बैठकीत बॅनरचा विषय निघायच्या आत एकीनं तरी उठून विचारावं, पाणी कोण आणणार आणि जागा बघायला कोण जाणार. आमच्या वस्तीत ही दोन नावं वहीत पहिल्या पानावर लिहिली आहेत.