घरच्या घरी गाडी रंगवायची? आधी पासिंगचा हिशेब करा, मगच डबा आणा

धाराशिव : जीएसटी कमी झाल्यावर छोट्या नव्या गाड्या स्वस्त झाल्या, अशी चर्चा गेल्या वर्षापासून पारावर ऐकू येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे खरंच आहे. पण भूम, परंडा, वाशी, कळंबकडच्या ज्या घरात सोयाबीनच्या पट्टीवर वर्षाचा संसार चालतो, तिथं नवी गाडी स्वस्त होऊनही आवाक्यात आलेली नाही. दारातली पंधरा-सतरा वर्षांची एमएच-२५ चीच अजून पाच वर्षं चालवायची, असं तिथलं गणित आहे.

गाडी चालते, इंजिन ठीक आहे, पण पत्रा गेलाय. चाकांच्या वर, दाराच्या खाली गंज फुटलाय, बॉनेटचा रंग उडालाय. तालुक्याच्या गॅरेजला पूर्ण गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचा भाव विचारला की बरेचदा गाडीच्या किमतीच्या निम्मा आकडा ऐकायला मिळतो. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून 'आपणच मारू की रंग' असं ठरतं. हे जमतं का? जमतं. पण रंग कशासाठी मारायचा, हे आधी ठरवावं लागतं.

पहिला खर्च रंगाचा नाही

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं चालवायची तर आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांपुढच्या चारचाकीसाठी ती १०,००० केली. दुचाकीला हेच आकडे १,००० आणि २,००० आहेत. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नव्या नंबर प्लेटचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. शिवाय विमा आणि पीयूसी आहेच.

म्हणजे रंगाला हात लावायच्या आधीच हजारोंचा खर्च ठरलेला. आरटीओत ब्रेक, दिवे, टायर, हॉर्न बघतात. चकाचक रंगावर पासिंग होत नाही. ज्याच्याकडं दहा हजारच आहेत, त्यानं ते आधी ब्रेक आणि टायरवर घालावेत. उरले तर रंग.

चमक नको, गंज थांबवा

घरचा रंग शोरूमसारखा दिसणार नाही. विकायला काढलेली गाडी घरी रंगवून भाव वाढतो, हाही गैरसमज आहे. उलट नवा रंग दिसला की घेणाराच विचारतो, 'ठोकली होती काय?' घरच्या रंगाचा खरा फायदा एकच, पत्रा वाचतो. त्यामुळं सगळी गाडी रंगवण्याऐवजी गंजलेले भाग नीट केले तरी निम्मं काम होतं.

आधी पेचकसनं पत्रा टोचून बघायचा. वरवरचा गंज असेल तर पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा. पेचकस आरपार गेला, तर तिथं लांबी भरून उपयोग नाही. वेल्डिंगवाल्याकडून पत्राच बदलून घ्यावा लागतो. दाराखालचा पाट आणि तळाचा पत्रा गाडीची ताकद धरतो. तिथला सडका भाग लांबीनं बुजवला तर गाडी सुंदर दिसेल, पण धडकेत माणसं वाचणार नाहीत.

काम असं चालतं

साबणानं धुऊन, थिनरच्या फडक्यानं मेणचट-तेलकट काढल्याशिवाय घासायला घेऊ नये. गंजाला ८० नंबरचा पेपर, लांबीला १२० ते १८०, प्रायमरला ४००, रंगाच्या आधी ६०० ते ८००. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर मारायचा, रात्रभर दव पडलं की गंज पुन्हा बसतो. हार्डनरची लांबी लागेल तेवढीच कालवावी, ती काही मिनिटांत दगड होते.

रंगाचे दोन रस्ते आहेत. पहिला, साधा ऑइल पेंट पातळ करून फोमच्या रोलरनं मारायचा. पातळ हात, प्रत्येक हातानंतर दिवसभर वाळवण, मध्ये हलकं घासणं. कंप्रेसर लागत नाही, वेळ मात्र आठवडाभर जातो. दुसरा, स्प्रे गन. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणला तर त्याच्या हवेत पाणी आणि तेल येतं, रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पाणी अडवणारा फिल्टर बसवल्याशिवाय गन धरू नये. शिवाय अर्ध्या दारावर लाईट गेली तर जोड दिसणारच.

ऑइल पेंटवर एनसी थिनरचा रंग मारू नये. खालचा थर उचकटतो, सुरकुत्या पडतात आणि सगळं खरवडून काढावं लागतं. मेटॅलिक रंगही घरी करायला जाऊ नये, रोलरनं तो एकसारखा बसत नाही. पांढरा रंग नवख्याच्या चुका सगळ्यात जास्त झाकतो. छोट्या गाडीला दोन-अडीच लिटर रंग पुरतो.

हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात दमट हवेनं रंग पांढुरका पडतो. एप्रिल-मे च्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आतच वाळतो. शेजारी मळणी चालू असेल तर तो दिवस सोडावा.

पैसे वाचवताना छाती जाऊ नये

हार्डनर घातलेल्या पीयू रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते फवाऱ्यातून श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून ते अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घरी कोण आणणार? त्यामुळं हा रंग घरी गननं मारूच नये. एवढं एक काम गॅरेजवाल्याला द्यावं. घासून, प्रायमर मारून तयार गाडी नेली तर मजुरीवर बोलणी करायला जागा राहते.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर देशात नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारत वॉटर पेपरनं घासावा. लेकरं, जनावरांची दावण आणि पिण्याच्या पाण्याचा हौद लांब ठेवावा. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते. जवळ चूल, बिडी, इन्व्हर्टर नको.

कागद विसरू नका

आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. आहे तोच रंग मारला तर प्रश्न नाही. लालची पांढरी केली तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. नाहीतर नाक्यावर, विम्याच्या दाव्यात आणि विकताना तेच अंगाशी येतं. जीपला मिलिटरीचा हिरवा रंग द्यायची पोरांना हौस असते. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणं तो ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. इतरांनी मारला तर नियमभंग होतो.

सरकारला जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी करायच्या आहेत, फीचे आकडे तेच सांगतात. शहरात त्याला बस आणि रेल्वेचा पर्याय आहे. ज्या वाडीवर दिवसातून दोनदा एसटी येते आणि रात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायचं असतं, तिथं हीच जुनी गाडी अँब्युलन्स असते. म्हणूनच तिचा पत्रा वाचवणं ही हौस नाही. फक्त क्रम चुकू नये : आधी ब्रेक-टायर, मग कागद, मग गंज आणि शेवटी रंग.