विश्लेषण : 'आयव्हीआयजी'च्या बाटलीत साखर कशासाठी?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले आणि 'आयव्हीआयजी' हे महागडे इंजेक्शन घरोघरी माहीत झाले. चर्चा झाली ती किमतीची. बाटलीत औषधासोबत आणखी काय असते, हा प्रश्न मागेच राहिला. काही रुग्णांसाठी मात्र तोच महत्त्वाचा असतो.

स्टॅबिलायझर का लागतो?
हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी म्हणजे आयव्हीआयजी. ही प्रथिने द्रावणात एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. असे पुंजके शिरेत गेल्यास ताप, थंडी, रक्तदाब घसरणे अशी रिॲक्शन येऊ शकते. म्हणून त्यात सुक्रोज, माल्टोज, सॉर्बिटॉल किंवा ग्लायसिन, प्रोलिन ही अमिनो आम्ले घालतात. त्यामुळे प्रथिनांची घडी मोडत नाही आणि ती सुटी राहतात.

अडचण कुठे येते?
जीबीएसमध्ये साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम औषध पाच दिवसांत विभागून देतात. ६० किलोच्या रुग्णाला १२० ग्रॅम. ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर २.४ लिटर. त्यात १० टक्के माल्टोज असल्यास २४० ग्रॅम माल्टोजही शिरेतून जाते.

सुक्रोज : खाल्लेली साखर आतड्यात पचते. शिरेतून गेलेले सुक्रोज तसेच मूत्रपिंडाच्या पेशींत साठते, पाणी ओढते आणि पेशी फुगतात. मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदींत सुक्रोजयुक्त उत्पादनेच जास्त आढळल्याने अमेरिकेच्या 'एफडीए'ने १९९९ मध्ये इशारा दिला.

माल्टोज : ग्लुकोमीटरच्या काही पट्ट्या (जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या) माल्टोजलाही ग्लुकोज समजतात. आकडा खोटाच वाढलेला दिसतो, त्यावर इन्सुलिन दिले की खरी साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. २००९ मध्ये 'एफडीए'ने याबाबतही सावध केले.

सॉर्बिटॉल, प्रोलिन : जन्मजात फ्रुक्टोज न पचणाऱ्यांना सॉर्बिटॉल चालत नाही. रक्तात प्रोलिन साठण्याचा दुर्मीळ आजार असणाऱ्यांना प्रोलिन वर्ज्य.

नातेवाइकांनी काय विचारावे?
'आयव्हीआयजी' हे नाव एकच असले तरी प्रत्येक ब्रँडची बाटली सारखी नसते. स्टॅबिलायझर कोणता, हे लेबलवर किंवा माहितीपत्रकात असते. रुग्णाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. माल्टोज असल्यास साखर कोणत्या पट्टीने तपासणार, हेही विचारावे. मात्र या भीतीने इंजेक्शन लांबवू नये. जीबीएसमध्ये उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते आणि योग्य ब्रँड निवडायला लेबल वाचण्याइतकाच वेळ लागतो.